आठ खिडक्या, एक हँडल

घरात खिडक्या आठ होत्या आणि हँडल एक.

हे असं का, ते नव्या माणसाला समजावून सांगायला आबांना दहा मिनिटं लागत आणि ऐकणाऱ्याला पटायला चार-पाच वर्षं. सून लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिले सहा महिने तिची समजूत अशी होती, की शहरातल्या खिडक्यांची हँडलं किल्ल्यांसारखी काढून वेगळीच ठेवायची असतात. माहेरी साध्या कड्या होत्या, तिला काय माहीत. मग एकदा समोरच्या बिऱ्हाडात शिडी मागायला गेली, तर तिथे प्रत्येक खिडकीला आपापलं हँडल. तिला वाटलं, माणसं श्रीमंत दिसतात.

आबा म्हणजे तिचे सासरे. एका कारखान्यात छत्तीस वर्षं स्टोअरकीपर होते. पान्हा असो, हातोडी असो, कामगाराने त्यांच्या जाळीशी येऊन मागायचं, सही करायची, काम झालं की परत आणून द्यायचं. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, सवय घरी आली. घरातलं पहिलं हँडल मोडलं आणि त्याजागी नवं आणावं लागलं तेव्हा आबांनी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं, की रोज आठ हँडलं फिरवली तर आठही मोडणार. एकच फिरवलं तर एकच मोडेल. हिशेब बिनचूक होता. बाकीची हँडलं त्यांनी त्याच दुपारी काढून घेतली आणि एक वापरात ठेवलं.

खिडकीच्या चौकटीतून बोटाच्या पेराएवढी चौकोनी दांडी बाहेर आलेली असे. तिच्यावर हँडल बसवायचं, फिरवायचं, की आतली कडी सरकून खिडकी उघडे. मग हँडल काढून आबांच्या खोलीत जमा करायचं. बंद करायची झाली की पुन्हा पहिल्यापासून. आबांकडे लांबट वही होती. वेळ, नाव, कुठली खिडकी, परत केव्हा. सासूबाई होत्या तोवर त्यासुद्धा सही करत. पुढच्या दिवसाची सही आदल्या दिवशीच करून ठेवायचा प्रयत्न त्यांनी एकदा केला होता. आबांनी तो हाणून पाडला.

सून एका इस्पितळाच्या लाँड्रीत होती, इस्त्रीच्या विभागात. दिवसभर वाफ. चादरी, गाऊन, पुन्हा चादरी. सव्वाचारला घरी यायची तेव्हा तिच्या अंगातून गरम कपड्याचा वास येत असे आणि उजवं मनगट दुसऱ्याचं असल्यासारखं लोंबत असे. एकोणीस वर्षांत तिला या घराकडून एकच गोष्ट हवी होती. दागिना नाही, सहल नाही. आल्या आल्या कुणालाही न विचारता एक खिडकी उघडायची होती.

त्याऐवजी रोज हे व्हायचं.

"आबा, हँडल."

"कुठली?"

"स्वयंपाकघरातली."

"ती सकाळी उघडली होती."

"तुमच्या मुलाने जाताना लावली."

"हो, नोंद आहे. किती वेळ?"

"हवा येईपर्यंत."

आबा हवा येईपर्यंत असं लिहीत नसत. पाच मिनिटं असं लिहीत.

बरं, ते हँडल तरी धड असावं. वर्षानुवर्षं आठ खिडक्यांची पायपीट करून ते म्हातारं झालं होतं. दांडीवर बसवून फिरवलं की नुसतंच फिरे, आतलं काही हलत नसे. मग औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून भोकात घालायचा, तळहाताने दाबून धरायचं, आणि खांद्याने रेटा द्यायचा. ही विद्या घरात सगळ्यांत चांगली सुनेला येत होती, म्हणून बाकीच्यांना ती शिकायची गरज पडली नाही.

नवरा चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात होता. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी चूक त्याला तिथे दिसे. घरी काही दिसत नसे. "आबांचं वय झालंय," एवढं तो म्हणे. हे तो आबा बासष्टचे असल्यापासून म्हणत होता, आणि आबा आता एक्याऐंशीचे होते.

त्या वर्षी उन्हाळ्यात लाँड्रीतला एक पंखा बंद पडला आणि कुणी दुरुस्त करेना. एके दिवशी सून घरी आली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. आबांच्या खोलीचं दार लोटलेलं, आबा झोपलेले, हँडल उशाखाली. झोपेतून उठवून हँडल मागायचं नाही, हा नियम सासूबाईंच्या काळापासूनचा. तिने स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या दांडीला चिमट्याने धरून पाहिलं. चिमटा सटकला आणि अंगठ्याला लागला. मग ती बाहेर आली, जिन्यात जिथे उघडं गवाक्ष होतं त्या पायरीवर बसली आणि भिंतीला डोकं टेकलं.

समोरच्या बाई वर येत होत्या. "किल्ली विसरलात वाटतं?"

"हो ना," सून म्हणाली.

पाऊण तास ती तिथे बसली. पर्समध्ये किल्ली होती. त्या पाऊण तासात तिने ठरवलं.

आबा दरवर्षी पंधरा दिवस मुलीकडे जात. जाताना चार्ज देत. यंदाही दिला. मुलाला समोर उभं करून हँडल, वही आणि दोन पेनं मोजून ताब्यात दिली, सही घेतली. रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तसं सुनेने नवऱ्याला सांगितलं, "उद्या मिस्त्री येतोय. आठही खिडक्यांना हँडलं बसवायची."

"अगं, पण आबांना न विचारता?"

"तुम्हाला विचारते की. चार्ज तुमच्याकडे आहे."

नवऱ्याने वहीकडे पाहिलं. एवढी सत्ता त्याच्या हातात पहिल्यांदाच आली होती आणि ती कशी वापरायची हे त्याला ठाऊक नव्हतं. "आल्यावर काय सांगायचं त्यांना?"

"खिडक्या उघडतात म्हणून सांगायचं."

मिस्त्री आला. बारीक अंगाचा, तोंडाचा तिखट. हँडल हातात घेऊन त्याने ते उजेडाकडे धरलं आणि भोकातून सुनेकडे पाहिलं.

"ताई, हे कशाला ठेवलंय? पूजेला?"

"वापरतो आम्ही."

"कुठल्या खिडकीला?"

"सगळ्या."

मिस्त्रीने हँडल खाली ठेवलं. मग त्याने आठही खिडक्या पाहिल्या, प्रत्येक दांडीला हात लावला, आणि शेवटच्या खिडकीपर्यंत त्याचा विनोद संपला. "या घाटाची हँडलं आता बाजारात मिळत नाहीत. एखादं धड असलं तर दाखवा. मापाचं शोधून आणतो."

धड म्हणून कुठलं असणार? तरी ती आबांच्या खोलीत गेली. कॉटखाली पत्र्याची पेटी होती. कुलूप नव्हतं; आबांच्या मते कुलूप ज्यांच्यावर विश्वास नाही त्यांच्यासाठी असतं. वर जुनी वेतनपत्रं, खाली एक तेलकट कापड. कापडात सात हँडलं. प्रत्येक वेगळ्या कागदात, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. "चांगले. वापरात नाही." अक्षर वळणदार. दर वर्षी तेल दिल्याची तारीख खाली ओळीने.

ती तिथेच फरशीवर बसली. एकोणीस वर्षं तिला वाटत होतं ती हँडलं भंगारात गेली. ती तिच्या डोक्यापासून चार हातांवर, तेल पिऊन सुखात पडलेली होती.

रागवायलाही ताकद लागते. तिने हँडलं पदरात घेतली आणि मिस्त्रीपुढे ओतली. "हीच बसवा मग. नवी कशाला."

मिस्त्रीने एक बसवलं. फिरवलं. ते गरगर फिरलं. दुसऱ्या खिडकीवर दुसरं. तेही फिरलं.

"नाही जमायचं. हे बघा." त्याने तिला वाकून बघायला लावलं. "दांडी चौकोनी हवी. चार कोपरे असले तर हँडलला धरायला मिळतं. तुमचं हे एक हँडल झिजलं, आतून गोल झालं. मग ते ज्या ज्या दांडीवर घातलं, तिचे कोपरे खाल्ले त्याने. आठही खाल्ल्या. आता सोन्याचं हँडल आणलंत तरी धरणार कशाला?"

"म्हणजे ही सात चांगली आहेत..."

"नव्यासारखी आहेत. उपयोग शून्य. कुणी केलं हे?"

"जपणाऱ्याने."

"जपणारी माणसं वाईट," मिस्त्री म्हणाला. "उधळ्याकडे दोन तासांचं काम असतं. जपणाऱ्याकडे दोन दिवसांचं." आतल्या कड्या, दांड्या, हँडलं, सगळं नवं घालावं लागणार होतं. ती सात तिने पुन्हा तेलकट कापडात गुंडाळून पेटीत ठेवली.

तिने दोन दिवस रजा टाकली. चार वर्षांतली पहिली रजा, आणि ती मिस्त्रीच्या हातात स्क्रू देण्यात गेली. मनात एक वाक्य मात्र तयार होत होतं. आबा आले की दारातच सांगायचं: सात हँडलं वाचवायला तुम्ही आठ खिडक्या खाल्ल्यात. वाक्य चांगलं होतं. तिने त्याला मनातल्या मनात इतक्या वेळा इस्त्री केली, की त्यावर एक सुरकुती राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नणंदेचा फोन आला. पाठीमागे मिस्त्रीचा ड्रिल चालू होता.

"वहिनी, कसला आवाज येतोय?"

"शेजारी काम चाललंय. आबा कसे आहेत?"

"जेवतात, झोपतात. बोलत नाहीत फार. आमच्या खिडक्या सरकत्या, कुणीही येतं, सरकवतं. ते नुसते बघत बसतात. काल मला म्हणाले, तुमच्याकडे माणसाला काही काम नसतं का गं? मी म्हटलं, आबा, आराम करा. तर म्हणाले, तोच करतोय, दमलो." नणंदेने आवाज खाली आणला. "लवकर आणून सोडू का?"

"नको, नको. राहू देत की पंधरा दिवस."

"थांब, बोलायचंय त्यांना."

फोनवर आबांचा श्वास ऐकू आला, मग आवाज. "हँडल जमा झालं का आजचं?"

मिस्त्रीने ते तासाभरापूर्वीच भंगाराच्या पिशवीत टाकलं होतं. "झालं आबा," ती म्हणाली. आपण खोटं बोललो नाही एवढं समाधान तिने मिळवलं.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ नव्या हँडलाकडे बघत उभी राहिली. आबांच्या खोलीत दिवसातून कोण किती वेळा जातं, ते तिला चांगलं माहीत होतं. लाँड्रीत चादरी मोजून मोजून तिला मोजायची खोडच लागली होती. ती स्वतः पाच-सहा वेळा, नवरा तीन-चार वेळा. आणि हँडल सोडून दुसऱ्या कामासाठी कोण जातं? चहा, गोळी, जेवायला हाक. आपण काय काढून घेतोय ते तिला कळलं. पण कळलं म्हणून थांबावं, इतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"ही शेवटची खिडकी बसवू ना?" मिस्त्रीने विचारलं. ती आबांच्या खोलीतली होती.

"बसवा."

आबा शनिवारी दुपारी आले. दारातच थांबले. स्टोअरकीपरच्या नजरेला आठ पांढरी हँडलं एका क्षणात दिसतात. नवरा पाण्याचा पेला घेऊन उभा होता, आणि तो आबांना द्यायचा की आपण प्यायचा, हे त्याचं ठरत नव्हतं. आबांनी चप्पल काढली आणि एकेका खिडकीशी गेले. हँडल फिरवलं नाही, नुसता हात लावला. आठवी झाली तेव्हा सुनेने तोंड उघडलं. वाक्य अगदी ओठांवर होतं.

"जुनं सामान?" आबांनी विचारलं.

तिने पिशवी आणून दिली. आबांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि आठ दांड्या ओळीने मांडल्या. प्रत्येकीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग जुनं हँडल उचललं, भोकातून उजेड पाहिला. बराच वेळ पाहिला.

"यानेच खाल्ल्या," ते म्हणाले. "सगळ्या यानेच."

सुनेच्या तोंडातलं वाक्य तिथेच राहिलं. इस्त्री केलेला कपडा घालायला माणूसच नसावा, तसं झालं.

आबांनी वही मागवली. मागे मागे चाळत गेले. "तू सांगितलं होतंस," ते म्हणाले. "अकरा वर्षांपूर्वी. हे बघ. 'हँडल घसरते अशी तक्रार. काळजीपूर्वक वापरावे.' माझंच अक्षर आहे." त्यांनी वही तिच्याकडे वळवली. आपल्याविरुद्धचा पुरावा इतक्या सचोटीने जपणारा माणूस तिने पाहिला नव्हता. भांडायचं तरी कुणाशी?

शेवटच्या पानावर आबांनी लिहिलं. दांड्या नग आठ, हँडल नग एक. निकामी. पुढे कारणाचा रकाना होता. तिथे पेन थबकलं. मग त्यांनी लिहिलं, "देखभाल." सही केली, वही मिटली, आणि खोलीत जाऊन पडले.

आबा यायचे होते तोवर सुनेने खिडक्या चोरट्यासारख्या उघडल्या होत्या; त्यानंतरचे तीन-चार दिवस मात्र तिला आयुष्यभर पुरतील असे गेले. सव्वाचारला यायची, चपला पायात असतानाच स्वयंपाकघरात जायची, हँडल दोन बोटांनी फिरवायची. टक् आवाज आणि हवा आत. कुणी कुठली म्हणून विचारत नाही. कुणी किती वेळ म्हणून विचारत नाही. ती खुर्ची ओढून खिडकीशी बसायची आणि काही करायची नाही. नवरा तर गंमत म्हणून खिडकी उघडायचा, लावायचा, पुन्हा उघडायचा. "मोडेल," ती म्हणायची, आणि म्हटल्यावर तिलाच आपल्या तोंडून कोण बोललं ते कळायचं.

पाचव्या दिवशी ती आबांना चहा द्यायला गेली. खोलीत पाऊल ठेवलं तर भट्टीत शिरल्यासारखं झालं. लाँड्रीतल्या वाफेला निदान आवाज तरी होता. आबा कॉटवर बसले होते, बनियन पाठीला चिकटलेलं. खिडकी बंद.

"आबा, उकडत नाही का?"

"उकडतं."

"मग खिडकी उघडा की. तुमच्याही खिडकीला बसवलंय हँडल."

"पाहिलंय."

"मग?"

आबांनी चहा बशीत ओतला. "उघडू?"

"मला काय विचारता?"

"कुणाला तरी विचारायला हवं ना. छत्तीस वर्षांत मी स्वतःच्या नावावर एक खिळा काढला नाही. स्टोअरकीपरने काढायचा नसतो. आपणच द्यायचं आणि आपणच घ्यायचं, मग चोर कोण आणि साव कोण?"

"ते कारखान्यात. हे घर आहे."

"घरातही नाही काढलं कधी. वही बघ."

तिला वही बघायची गरज नव्हती. सकाळी या खोलीची खिडकी नवरा उघडायचा, ऊन आलं की लावायचा. संध्याकाळी ती उघडायची, करवादत. मधल्या वेळी कोण उघडायचं? कोणीच नाही. हँडल उशाखाली ठेवून हा माणूस दुपारभर बंद खोलीत घामाने निथळत पडायचा, कारण मागायला कुणी नव्हतं आणि स्वतःकडे मागायची पद्धत नव्हती.

"दुपारभर असेच असायचात?"

"मग कसा असणार?"

"सासूबाई गेल्यापासूनची सगळी वर्षं?"

"उन्हाळ्यातच फक्त," आबा म्हणाले, जणू तेवढ्याने आकडा कमी होतो.

तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. तिला बसावंसं वाटलं, म्हणून ती कॉटच्या कडेला बसली. "उघडा," ती म्हणाली.

आबा उठले. हँडल दोन बोटांचं काम होतं, पण त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, खांदा लावला, जोर दिला. खिडकी इतक्या सहज उघडली की ते अर्धं पाऊल पुढे गेले. मग तिथेच उभे राहिले. वाऱ्याने बनियन पाठीवरून सुटलं.

आता हे तिथेच संपायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी सव्वाचारला सून आली, आपली खिडकी उघडली, आडवी झाली, डोळे मिटले, तोच दारात चाहूल लागली.

"उघडू का?"

"उघडा, आबा."

पाच वाजता, "ऊन तिरपं येतंय. लावू का?"

"लावा."

साडेपाचला, "गेलं ऊन."

नवरा हे सगळं ऐकत होता. रात्रीच्या जेवणाला तो गालात हसत म्हणाला, "चार्ज तुझ्याकडे आला म्हणायचा."

"तुम्ही घ्या की. तुम्ही सांगा उघडा म्हणून."

"मला विचारत नाहीत ते."

"का?"

"मला काय माहीत. मी सांगितलं तर म्हणतात, तिला विचारून सांगतो."

आठवडाभराने तिने आबांना समोर बसवलं. "आबा, एकदाच सांगते. कायमची परवानगी. केव्हाही उघडा, केव्हाही लावा. माझी कटकट नाही, तुमची नाही."

आबांनी विचार केला. "तशी पद्धत नाही. पण बघतो."

त्यांनी एक दिवस पाहिलं. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा खिडकी बंद होती, आबा भिजलेले होते, आणि पेपर वाचत असल्याचं दाखवत होते. तिने हिशेब केला. पूर्वी ती दिवसातून सहा वेळा मागायची. आता तिच्याकडे चार वेळा मागितलं जात होतं. दोनांचा फायदा. एवढ्या खटाटोपाचा, दोन दिवसांच्या रजेचा, एका न बोललेल्या वाक्याचा मिळून.

त्यानंतर ती घरी आली की आधी आबांच्या दारावरून जायची. थांबायची नाही, चालता चालताच म्हणायची, "आबा, खिडकी."

"उघडू?"

"उघडा."

मग स्वयंपाकघरात जाऊन आपली उघडायची, खुर्ची ओढायची आणि पाय वर घ्यायची. आतून टक् असा आवाज यायचा, मग कॉट करकरल्याचा. ऊन तिरपं होऊन आबा लावू का म्हणून विचारायला येईपर्यंत तिच्याकडे पाऊण तास असायचा. कधी ढग आले, तर तासभर.

ढगांकडे ती आता बारकाईने बघू लागली होती.